फौजेचे नाक

'बिनीची जोडी झटपट तंबूत' असा मथळा क्रीडापानावर दिसला की आपण थेट धावफलकाकडे वळतो. या बिनीपाशी थांबावेसे कुणाला वाटत नाही. (1983 च्या विश्वचषकात 18 बळी घेणाऱ्या रॉजर बिन्नीशी तिचा काही संबंध नाही; ते आडनाव स्कॉटलंडकडचे.)

जुन्या फौजेत सर्वांत पुढे चालणारी तुकडी म्हणजे बिनी. शत्रूशी पहिली गाठ तिची, त्यामुळे मान मोठा आणि जिवाची शाश्वती कमी. 1771 मध्ये दिल्लीत मराठ्यांचा जम पुन्हा बसवणाऱ्या सरदारांतले विसाजी कृष्ण मूळचे चिंचाळकर. बिनीच्या कामगिरीवरून ते बिनीवाले झाले.

शब्द फारसी दिसतो, पण कोणता? दुर्बीण, खुर्दबीन यांतला 'बीन' पाहण्याचा. त्याच 'बीन'ला ईकार लागून फारसीत 'खुदबीनी' होते, म्हणजे स्वतःकडेच पाहत राहणे, अहंमन्यता. मग बिनी म्हणजे पुढे जाऊन टेहळणी करणारे असावेत काय? व्युत्पत्ती मोहात पाडणारी आहे खरी. पण ही 'बीनी' बहुधा समासाच्या शेपटाला येते. एकटी 'बीनी' म्हणजे सरळ नाक. शिवाय बातमी काढायला मराठी फौजेत जासूद वेगळे होतेच. माझे मत नाकाच्या बाजूने पडते.

संस्कृताकडे पाहिले तर हा तर्क बळावतो. तिथे आघाडीच्या सैन्याला 'नासीर' म्हणतात. त्यात 'नासा' ऐकू येते. ती खरोखर आहे की कानाचा भास, यावर पैज मात्र लावू नये. 'अनीक'बद्दल तसा संशय नाही. ऋग्वेदात तो शब्द मुखाला, दर्शनी बाजूला लागतो, आणि पुढे त्याचाच अर्थ अख्खी सेना. अमरकोशातले 'सेनामुख' तर हिशेबी एकक आहे: तीन हत्ती, तीन रथ, नऊ घोडे, पंधरा पायदळ. तोंड म्हणावे आणि शिरगणती करावी, हे अमरसिंहालाच जमावे.

मराठीही याच चेहऱ्याभोवती फिरते. फौजेने मोहरा वळवला, यातला मोहरा मुखापासून आला असावा. खेड्यातले 'म्होरं' आणि टोळीचा म्होरक्या त्याचेच भाऊबंद. बुद्धिबळातला मोहरा निराळा, तो फारसी 'मुहरा', म्हणजे मणी किंवा सोंगटी. मराठीत दोघे इतके मिसळले आहेत की राजकारणात कुणाला मोहरा केले म्हणतात तेव्हा पुढे काढले की पटावर सरकवले, सांगणे कठीण.

बिनी मात्र क्रिकेटमुळे तगली असावी. आपले समालोचन ऐकताना छावणीतच बसल्यासारखे वाटते: आघाडीची फळी, मारा, तंबू. गोलंदाज तर साक्षात तोफेवरचा माणूस, 'अंदाज' म्हणजे फेकणारा. त्याच्या जोडीला फळीवरून फलंदाज घडवला, आणि बिचारा काही फेकत नसूनही 'अंदाज' त्याला चिकटले. मैदानाबाहेर बिनीचा अर्थ सैलावून नुसता 'अव्वल' झाला. पक्षाचे बिनीचे शिलेदार हल्ली पहिल्या रांगेत बसतात, पण त्या रांगेत खुर्च्या असतात.

पिछाडीच्या तुकडीला तुर्की वळणाचा 'चंदावल' होता. तो बखरींतच राहिला. अकराव्या क्रमांकावर येणाऱ्याला चंदावलीचा फलंदाज म्हणायची छान सोय होती. पण तिथे इंग्रजीवरून शेपूट आले, आणि सामना हातचा जाऊ लागला की तेच वळवळते.