पाण्याखालची वीस मिनिटे आणि साडेतीनशे वर्षे

या व्याख्यानमालेत मी आजवर बहुधा ग्रंथांवर बोलत आलो. आज एका डुबकीवर बोलणार आहे. हसू नका. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस स्कूबा डायव्हिंगवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या वीस मिनिटांनी मला इतिहासाचा एक प्रश्न दिला, आणि तो काही सुटेना. म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात मुलगी, जावई आणि नातू यांच्याबरोबर मालवणला गेलो होतो. नातवानं हट्ट धरला, ‘आजोबा, तुम्ही पण उतरायचं.’ डॉक्टरांचं पत्र घेतलं, रक्तदाब तपासला, फॉर्म भरला. कागद सगळे झाले, पण मनातली भीती काही जाईना. ती माझी एकट्याची नाही, घराण्यातली आहे. माझं आजोळ अलिबाग तालुक्यात. १७ जुलै १९४७ या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हे तुमच्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक असेल. त्यात आईचे एक मामा होते. मी जन्मलो त्यानंतर, पण आमच्या घरात समुद्र म्हणजे लांबून नमस्कार करण्याची गोष्ट होती. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि मागं फिरायचं. आई घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ देत नसे.

आता बघा, ही भीती अपघातातून आली असं म्हणता येईल. पण तिच्याखाली आणखी एक जुना थर आहे. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी उत्तरेकडचे लोक समुद्रावर जातात, अशीही नोंद आहे. म्हणजे लोक जात होते, आणि जाऊ नये असं लिहिणारे लिहीत होते. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी समुद्र निषिद्ध ठरवला, आणि ज्यांचं पोट समुद्रावर होतं त्यांच्या हातात लेखणी नव्हती. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातली गोम इथे आहे, असं मला वाटतं. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार समजा.

बोट निघाली. समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराज मूळचे घाटमाथ्यावरचे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि तिथल्या खाडीत, म्हणजे आपल्या अगदी शेजारी, आरमाराची सुरुवात झाली. पुढे मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षं चाललं. तटाची लांबी तीनेक किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं परंपरा सांगते. बांधकामाचं श्रेय हिरोजी इंदुलकरांना दिलं जातं.

हे सगळं मी वर्गात, प्रवासात, नातेवाइकांना अनेकदा सांगितलेलं होतं. पण त्या दिवशी बोटीत, पोटात गोळा घेऊन बसलेला असताना, पहिल्यांदा एक साधी शंका आली. या तटाचे खालचे थर लाटांच्या माऱ्यात रचताना पाण्यात कोण उभं होतं? ओहोटी किती वेळ टिकते, कोणत्या खडपावर दगड बसेल आणि कोणत्या ठिकाणी वाहून जाईल, हे घाटावरून आलेल्या माणसाला कसं कळणार? कुणीतरी सांगितलं असणार. त्या माणसांची नावं कुठं आहेत?

बोटीवर आम्हाला शिकवणारा मुलगा पंचविशीतला, गाबीत समाजातला. घरची मासेमारी. आता हिवाळा-उन्हाळ्यात पर्यटकांना पाण्यात नेतो. तो म्हणाला, ‘काकानू, एकच गोष्ट लक्षात ठेवा. श्वास धरून ठेवू नकात. घेत ऱ्हवा, सोडीत ऱ्हवा.’

मी चाळीस वर्षं योगसूत्रं शिकवली आहेत. आपल्याकडे प्राणायामात कुंभकाला, म्हणजे श्वास रोखण्याला, केवढा मान! आणि इथे पहिला नियम काय, तर श्वास रोखायचा नाही. असं का? कारण १६६२ साली रॉबर्ट बॉईलनं मांडलेला नियम. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, आणि दाब कमी झाला की ती फुगते. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि ती कोंडून वर आलो, तर तीच हवा दुपटीनं फुगणार. फुप्फुस फाटू शकतं. सोडत राहिलात तर वाचलात.

गंमत पाहा. बॉईलचा नियम १६६२ चा आणि सिंधुदुर्गाची सुरुवात १६६४ ची. दोन वर्षांचं अंतर. १६९१ मध्ये तिकडे एडमंड हॅली, हो, धूमकेतूवाला हॅली, पाण्यात सोडायची मोठी घंटा करतो. माणूस घंटेत बसतो, वजन लावलेल्या पिंपांतून त्याला खाली ताजी हवा पाठवतात. बुद्धी दोन्हीकडे होती, धाडस दोन्हीकडे होतं. फरक एवढाच की तिकडे पाण्याशी झटापट करणाऱ्यांचं ज्ञान ग्रंथात शिरलं. इकडे ते ज्ञान हातातून हातात गेलं, कागदावर आलं नाही.

आणि पुढे तर आपण समुद्राकडे पाठच फिरवली. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली, आणि इंग्रजांच्या हल्ल्यात विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. आपलं आरमार जाळण्यात आपला हात होता, हे आपण शाळेत घाईघाईनं उरकतो. कान्होजी आंग्र्यांचं नाव आज कुठं आहे ठाऊक आहे? विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, प्रवाळांनी भरलेलं. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आपल्या सरखेलांचं नाव नकाशावर आहे, पण पाण्याखाली.

बरं, मी पाण्यात उतरलो. तोंडात नळी. ही नळी म्हणजे १९४३ ची देणगी. फ्रान्समध्ये युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्यानं एक झडप केली होती. ती झडप त्यानं आणि जाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्यानं श्वासासाठी वापरली. माणूस श्वास ओढील तेवढीच हवा, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची. कल्पना एवढीच. पण तिनं माणूस वरच्या नळीतून आणि पंपातून सुटला.

पहिली दोन मिनिटं मी गुदमरलो. खरं म्हणजे हवा भरपूर होती, गुदमरत होतं मन. कानांत कळ आली. नाक दाबून हलकी फुंकर मारायची, की कान मोकळे होतात, हे शिकवलं होतं. ते केलं. मग जरा बरं वाटलं म्हणून मी त्या मुलाला अंगठा वर करून दाखवला, ‘उत्तम!’ त्यानं मला धरलं आणि सरळ वर आणलं. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा असतो. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. शब्दार्थाचं तत्त्वज्ञान शिकवणारा मी, संकेत बदलला की अर्थ बदलतो हे पाच मीटर पाण्यात नव्यानं शिकलो. नातू अजून चिडवतो.

दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा दिसलं. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, तांबडा रंग आधी मावळतो. खडकांवर प्रवाळांचे गोळे, त्यांच्यामधून पट्टेवाले मासे. आणि हेही दिसलं, की प्रवाळाचे काही तुकडे तुटून वाळूत पांढरे पडले होते. शेजारच्या एका पर्यटकानं आधारासाठी प्रवाळाला हात लावला, दुसऱ्यानं माशांना पाव चारला. प्रवाळ हा दगड नव्हे, सजीवांची वसाहत आहे. वाढते फार सावकाश, आणि पायाच्या एका धक्क्यानं मोडते.

वर आल्यावर मी त्या मुलाला विचारलं, हे सगळं तू कुठं शिकलास? प्रशिक्षण कुठं घेतलं ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, ‘पण खडपा माका आधीच ठावक होती. माझो आजो हयच शिनाणे काढूक बुडी मारी. तेंका नळी नव्हती.’

शिनाणे म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ते काढायला श्वास रोखून बुडी मारणारा आजा. मघाशी मी विचारलं ना, पायाजवळच्या पाण्यात कोण होतं? कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही, इतिहासात अनुमानाला मर्यादा असते, ती मी पाळतो. पण अशाच माणसांचं ज्ञान त्या तटाखाली असणार, एवढं म्हणायला मी आता कचरत नाही. आपण पहिल्यांदा पाण्याखाली जातो तेव्हा ‘नवा अनुभव’ म्हणतो. नवा आपल्याला. त्या घराला तो पिढीजात आहे.

आता आजचा मुद्दा. हाच परिसर १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा. स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. शहरातला माणूस लगेच म्हणतो, ‘लोकांना निसर्गाचं काही नाही.’ मीही असं म्हटलेलं आहे. पण त्यांची बाजू ऐका. जाळी टाकायची कुठं, होडी न्यायची कुठून, हे दुसरं कुणी ठरवणार आणि त्याच पाण्यात आमच्यासारखे शेकडो पर्यटक रोज उतरणार. मग राखायचं ते कुणासाठी? दुसरी बाजूही खोटी नाही. प्रवाळ गेलं, तर मासेही जातील आणि पर्यटकही. त्या मुलाचे दोन्ही धंदे एकाच खडकावर उभे आहेत.

इथे मला एक जुना दस्तऐवज आठवतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात आरमाराचं महत्त्व सांगितलंय. आणि आरमाराला लाकूड लागतं तर ते कसं आणावं, हेही सांगितलंय. आंबा-फणसासारखी रयतेची झाडं धन्याच्या संमतीशिवाय तोडायची नाहीत, घ्यायचीच तर त्याला राजी करून, मोल देऊन. राज्याचं काम होतं, शत्रू समोर होता, तरीही आधी विचारायचं. त्या अमात्यांना झाड लावणाऱ्याचा झाडावर हक्क दिसत होता. मग समुद्रावर जगणाऱ्याचा समुद्रावर काहीच हक्क नाही का? अभयारण्य हवं, माझं मत स्पष्ट आहे. पण ते त्याला विचारून हवं, आणि राखणदारीत त्याचा वाटा हवा.

तुम्ही म्हणाल, सर, हे मालवणचं झालं, आम्ही नवी मुंबईत राहतो. मंडळी, आपण ज्या शहरात बसलो आहोत त्याच्या जागी खाडी होती, मिठागरं होती, भातशेती होती. १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांची जमीन शहरासाठी ठरली. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना लढावं लागलं, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. आगरी-कोळी गावं आजही आपल्या इमारतींच्या मधोमध आहेत, आणि खाडीत कुठं काय मिळतं हे सांगू शकणारी म्हातारी माणसं त्यांत आहेत. त्यांना आपण कधी काही विचारलं? मी इतकी वर्षं इथे राहतो. मी विचारलेलं नाही.

तर सुट्टीत जरूर जा. डॉक्टरांना विचारून उतरा, प्रवाळाला हात लावू नका, माशांना काही चारू नका, कानाची कळ लपवू नका, आणि श्वास रोखू नका. पण वर आल्यावर लगेच फोटो बघत बसू नका. ज्यानं तुमचा दंड धरून तुम्हाला खाली नेलं आणि सुखरूप वर आणलं, त्याला विचारा, तुझा आजा काय करत होता. जे सांगेल ते लिहून ठेवा. माझी आई असती तर रागावली असती, मग तिनंही ऐकलं असतं.

पुढच्या रविवारी मी सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जाणार आहे, वही घेऊन. कुणाला यायचं असेल तर या.