लक्ष कुठे आहे तुझं?

हे वाक्य मी वर्गात किती हजार वेळा उच्चारले असेल, देव जाणे. संगणकालाही हाच प्रश्न विचारावा लागतो हे मात्र निवृत्तीनंतर कळले. पडद्यावर दहा रकाने असतात, चार बटणे असतात, पण कळफलक एकच. मग आपण दाबलेला 'क' नेमका कोणाच्या पदरात पडायचा? ज्याच्या पदरात पडतो त्याच्याकडे त्या क्षणी 'फोकस' आहे असे प्रोग्रामर मंडळी म्हणतात. आमचा भाचा हिंजवडीत हेच काम करतो. त्याच्या पोटापाण्याच्या गोष्टी ऐकता ऐकता मी वाचत गेलो, आणि इतिहास शिकवायची खोड काही जात नाही, म्हणून हा लेख.

फोकस हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ चूल! १६०४ साली केप्लरने प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात किरण जिथे एकवटतात त्या बिंदूला हे नाव दिले. आपल्या शास्त्राच्या पुस्तकात त्याला 'नाभी' म्हणतात. चूल काय, नाभी काय, दोन्ही एकाच ठिकाणी असणाऱ्या गोष्टी. असो.

फोकस एका रकान्यातून दुसऱ्यात न्यायची कळ म्हणजे टॅब. हिचे घराणे टंकलेखन यंत्राचे. पूर्वी आकड्यांचे तक्ते टाइप करायचे म्हणजे टंकलेखकाने स्पेसबार बडवत प्रत्येक स्तंभापर्यंत जायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'टॅब्युलेटर' ही सोय रुळली. कॅरेजच्या पाठीमागे हवे तिथे छोटे अडसर लावून ठेवायचे. कळ दाबली की कॅरेज सर्रकन धावत पुढच्या अडसरावर थांबे. त्या अडसराला म्हणत टॅब स्टॉप. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.

१९७१ साली आयबीएमने ३२७० नावाचे टर्मिनल आणले. त्याच्या पडद्यावर छापील फॉर्मसारखा फॉर्म उमटे. काही जागा बंदिस्त, म्हणजे 'नाव', 'पत्ता' ही अक्षरे, आणि काही भरण्यासाठी मोकळ्या. टॅब दाबली की कर्सर पुढच्या मोकळ्या जागेच्या पहिल्या घरात. मागे यायला वेगळी कळ. गंमत अशी की यासाठी मुख्य संगणकाला विचारावेच लागत नसे, टर्मिनल आपल्या आपण हे करी. कागदावर पुढे सरकणारी टॅब इथे पहिल्यांदा फॉर्ममध्ये पुढे सरकू लागली असे नसेलही, पण लाखो कारकुनांच्या बोटांना ती सवय लावली ती अशा टर्मिनलांनीच, असे माझे मत.

मग माऊस आला. १९८४ च्या मॅकिन्टॉशच्या कळफलकावर तर बाणांच्या कळाही दिल्या नव्हत्या! लोकांनी माऊस वापरलाच पाहिजे, हा हट्ट. उलट आयबीएमने १९८७ मध्ये पडद्यावरच्या वागण्याबोलण्याची एक संहिताच काढली (कॉमन युजर ॲक्सेस तिचे नाव), तिच्यात कळफलकाला मान होता. विंडोजमध्ये आपण आज जे करतो त्यातले बरेच काही तिथले आहे.

विंडोजमध्ये एखाद्या रकान्यावर टॅब थांबावी की नाही हे ठरवणारी एक खूण असते. तिचे नाव काय असावे? 'टॅबस्टॉप'! यंत्र भंगारात गेले, लोखंडी अडसराचे नाव राहिले. डायलॉग बॉक्समध्ये टॅबचा क्रम ठरतो तो रकाने यादीत ज्या क्रमाने लिहिले त्यावरून, ते पडद्यावर कुठे दिसतात त्यावरून नाही. पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ इथे आहे. आणि प्रोग्रामरने साच्यातला डायलॉग न घेता स्वतःची साधी खिडकी बनवली, तर 'इझ डायलॉग मेसेज' हे फंक्शन स्वतः बोलवावे लागते. ते राहिले की टॅब मुकी. भाचा म्हणतो, नव्या पोराने "टॅब चालत नाही" म्हटले की पहिला प्रश्न हाच विचारायचा.

१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि फॉर्म बनवणे खेळ झाला. प्रत्येक रकान्याला 'टॅबइंडेक्स' हा क्रमांक, शून्यापासून. जसजसे रकाने ठेवाल तसतसे क्रमांक पडत जाणार. सहा महिन्यांनी साहेब म्हणाले की पत्त्याखाली पिनकोड हवा, तर तो दिसतो पत्त्याखाली पण क्रमांक सर्वांत शेवटचा. उशिरा प्रवेश घेतलेला मुलगा पहिल्या बाकावर बसला तरी हजेरीत शेवटीच, तसे.

याच भाषेत एक विलक्षण भांडण होत असे. रकाना सोडताना तपासणी करायची म्हणून प्रोग्रामर लिहिणार: फोकस गेला की बघ, चूक असेल तर सूचना दाखव आणि फोकस परत ओढ. एका रकान्यापुरते ठीक. पण दोन शेजारी रकान्यांना हाच हुकूम दिला आणि दोन्ही रिकामे असले, की पहिला म्हणतो "माझे भरलेले नाही, परत ये". तो परत ओढतो तोच दुसऱ्याचा फोकस जातो, मग तो ओरडतो. सूचनांमागून सूचना, शेवट नाही. प्रोग्रामच बंद पाडावा लागे. मायक्रोसॉफ्टने १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत यासाठी 'व्हॅलिडेट' ही वेगळी घटना दिली. ती फोकस जाण्याआधीच विचारते. दार ओलांडल्यावर हात धरण्यापेक्षा उंबऱ्यावर विचारलेले बरे!

दुसरा एक रोग म्हणजे 'पुढे' बटण दाबल्यावर ते बटणच निष्क्रिय होणे. फोकस तर त्याच्यावरच होता! आता कळा दाबा, कोणी ऐकत नाही. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००४ साली आपल्या ब्लॉगवर हेच बजावले होते: बटण बंद करण्याआधी फोकस दुसरीकडे हलवा.

माऊस धरणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. तो टिचकी मारून मोकळा. म्हणूनच हे दोष वर्षानुवर्षे तसेच राहतात.

माझा एक जुना विद्यार्थी जन्मांध आहे, पतसंस्थेत नोकरीला. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. असे 'जॉज' हे सॉफ्टवेअर टेड हेन्टर यांच्या कंपनीने १९८९ साली बाजारात आणले. हे गृहस्थ मोटारसायकल शर्यतपटू, १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गेली आणि मग प्रोग्रामिंग शिकले. पडदावाचक बोलतो ते मुख्यतः फोकस असलेल्या गोष्टीबद्दल. म्हणजे या मुलाला टॅबचा क्रम हाच पडदा. २००९ च्या सुमारास त्याच्या कचेरीत नवीन प्रोग्राम आला. नाव, पत्ता, मग एकदम 'जतन करा', आणि पिनकोड त्याच्याही पलीकडे. शेरा लिहायच्या मोठ्या चौकटीत शिरला की बाहेर पडता येईना, टॅब दाबली की आत नुसती मोकळी जागा उमटे. इथे टॅबची दोन घराणी भांडतात: टंकयंत्राची टॅब जागा सोडते, टर्मिनलची टॅब पुढे जाते. २००८ साली आलेल्या वेबच्या सुगमता नियमावलीत "कळफलकाचा सापळा नको" असे एक कलमच आहे. पण हा प्रोग्राम वेबचा नव्हता, आणि नियमावली कोण वाचतो?

साहेबांनी त्याला टेलिफोनवर बसवायचे ठरवले. "मुलगा हुशार आहे, पण नवीन सिस्टीम त्याला झेपत नाही."

त्याने मला फोन केला, मी भाच्याला जोडून दिला. भाच्याने त्याला सांगितले की प्रोग्राम बनवणाऱ्यांना प्रत्यक्ष बोलव आणि माऊसची वायर काढून ठेव, बाकी काही बोलू नकोस. पोराने तसेच केले. आलेला इंजिनिअर पाच मिनिटांत शेऱ्याच्या चौकटीत अडकला. त्याने संध्याकाळपर्यंत बसून क्रमांक बदलले, चौकटीतून टॅब बाहेर पडेल असे केले. पोरगा आपल्या खुर्चीवर राहिला, पुढे दोन वर्षांत वरिष्ठ लिपिकही झाला. मोबाईल नंबराचा रकाना मात्र नंतर कधीतरी घातला गेला आणि तो 'जतन करा'च्या पलीकडेच होता. तिथे शिफ्ट-टॅब दाबून मागे यायचे, हे त्याने साऱ्या कचेरीला शिकवले.