खोक्यावरचा शिक्का आणि खोलीतला आवाज

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, अशोका रस्त्यावर, सेंट फिलोमिना हे भव्य चर्च उभे आहे. ('लष्कर' म्हटले की पुणेकरांना कॅम्प आठवतो, म्हैसूरच्या मोहल्ल्याच्या नावातही तोच शब्द आहे.) 1933 मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलवरून त्याचा आराखडा बेतला गेला. त्याचे जुळे मनोरे 175 फूट उंच आहेत. आत उच्चारलेला शब्द लगेच विरत नाही. उंच छत, कठीण भिंती आणि रंगीत काचा त्याला परत परत धाडत राहतात. याच मोहल्ल्यातील दहा फूट रुंदीच्या एखाद्या खोलीत तोच शब्द निराळा ऐकू येतो. होम थिएटरचे स्पीकर घेताना खोक्यावरील प्रमाणनाचा शिक्का कितपत पाहावा, या प्रश्नाचे मूळ या दोन जागांमधील फरकात आहे.

हे शिक्के जन्मले ते मात्र प्रामाणिक गरजेतून. पश्चिम जर्मनीत 1960 च्या दशकात 'डीआयएन 45500' हे मानक आले. 'हाय-फाय' म्हणवून घेणाऱ्या उपकरणाने किमान काय साधले पाहिजे, हे त्यात लिहिले होते. स्पीकरसाठी अपेक्षा होती 50 ते 12,500 हर्ट्झ या पट्ट्याची. काही वर्षांतच बहुतेक उपकरणे ही अट सहज ओलांडू लागली आणि मानकाचे रूपांतर जाहिरातीतील एका शब्दात झाले. पुढच्या बहुतेक शिक्क्यांच्या वाट्याला हेच आले.

अमेरिकेत गोंधळ शक्तीच्या आकड्यांचा होता. एकाच ध्वनिवर्धकाची शक्ती कोणी क्षणिक, कोणी कमाल, तर कोणी दोन्ही वाहिन्यांची बेरीज करून सांगे. अखेर 1974 मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने नियम केला की घरगुती ध्वनिवर्धकाची शक्ती सांगायची असेल तर ती अखंड चालणाऱ्या, ठरावीक पद्धतीने मोजलेल्या वॅटमध्येच सांगावी. भारतीय बाजारात याच्या उलट घडले. 1990 च्या दशकात स्टीरिओ संचांवर 'पीएमपीओ' ही चार अक्षरे आणि त्यांच्यापुढे हजारांतील वॅट झळकू लागले. या पीएमपीओला सर्वमान्य व्याख्याच नाही. आकडा छापणाऱ्याची इच्छा हेच त्याचे परिमाण. भिंतीतील सॉकेटमधून जेमतेम पन्नास वॅट घेणारा संच हजार वॅटचा आवाज सतत देऊ शकत नाही, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. तरीही तो आकडा वर्षानुवर्षे विकला गेला.

चित्रपटगृहांची कहाणी वेगळी आहे. रे डॉल्बी हा तरुण अभियंता 1963 पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. 1965 मध्ये इंग्लंडला परतून त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि ध्वनिफितीतील खरखर कमी करणारी पद्धत बाजारात आणली. पुढे डॉल्बी हे ध्वनिमुद्रण व त्याच्या संकेतनाचे नाव झाले. पण पट्टीवरचा ध्वनी कितीही स्वच्छ असला तरी चित्रपटगृहच वाईट असेल तर उपयोग काय? जॉर्ज लुकासच्या कंपनीतील टॉमलिन्सन होल्मन याने हा प्रश्न हाती घेतला. त्यातून 1983 मध्ये, 'रिटर्न ऑफ द जेडाय' या चित्रपटाबरोबर, 'टीएचएक्स' हे प्रमाणन आले. ही ध्वनिमुद्रणाची पद्धत नव्हती. सभागृहातील निनाद किती असावा, वातानुकूलन यंत्राचा आवाज किती चालेल, पडद्यामागचे स्पीकर कसे बसवावेत याची ती नियमावली होती. म्हणजे मूळ प्रमाणपत्र मिळत असे ते सबंध सभागृहाला.

1990 च्या दशकात हाच शिक्का घरगुती उपकरणांवर आला आणि येथे एक सूक्ष्म बदल घडला. सभागृहाची तपासणी जागेवर होत असे. घरातील खोलीची तपासणी कोण करणार? मग खोली गृहीत धरली गेली. टीएचएक्सचा 'अल्ट्रा' वर्ग सुमारे 3000 घनफुटांच्या खोलीसाठी आणि 12 फूट किंवा त्याहून अधिक अंतरावर बसणाऱ्या प्रेक्षकासाठी आखला गेला, तर 'सिलेक्ट' वर्ग सुमारे 2000 घनफुटांसाठी. आता 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद व 3 मीटर उंच अशी खोली घ्या. तिचे आकारमान 36 घनमीटर, म्हणजे जवळपास 1270 घनफूट. 'अल्ट्रा'ची खोली तिच्या दुपटीहून मोठी. अशा घरात वरच्या वर्गाच्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर आगगाडीचे इंजिन आणण्यासारखे.

चित्रपट-ध्वनीच्या मानकानुसार मुख्य वाहिनीवरील आवाजाचे शिखर आसनापाशी 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. 1 वॅटला 1 मीटरवर 87 डेसिबल देणारा स्पीकर मोकळ्या जागेत 2 मीटरवर 81 डेसिबल देईल. उरलेले 24 डेसिबल गाठण्यास सुमारे 250 वॅट लागतील. बंद खोलीत त्याहून कमी. मात्र घरात इतका मोठा आवाज फारसा कोणी लावत नाही. तो 20 डेसिबलने खाली आणला की शक्तीची गरज शंभरपट घटते आणि काम अडीच वॅटवर भागते.

खोक्यावरचे बाकीचे शिक्के निरनिराळी विधाने करतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात. डॉल्बीचे चिन्ह सांगते की संचाला ती संकेतनपद्धत उलगडता येते. स्पीकर चांगला वाजतो असे ते म्हणत नाही. जपान ऑडिओ सोसायटीचे 'हाय-रेझ' चिन्ह स्पीकरकडून 40,000 हर्ट्झपर्यंतची क्षमता मागते. तरुण माणसाचा कान सुमारे 20,000 हर्ट्झवर थांबतो आणि वयाबरोबर ती मर्यादा आणखी खाली येते. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी मात्र वेगळ्या जातीची आहे. 2012 च्या आदेशाने 200 वॅट व त्याहून अधिक वीज घेणाऱ्या संगीत संचांना ती सक्तीची झाली आणि पुढे तिची व्याप्ती वाढली. आयएस 616 या मानकाखालील ही तपासणी विजेचा धक्का, अतितापन आणि आग यांविषयीची आहे. स्वरांशी तिचा संबंध नाही, पण नसली तर संच घेऊच नये असा शिक्का हा एकच.

मग चांगला स्पीकर ओळखावा कसा? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल याने याचा माग काढला. पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांना गुण द्यायला सांगायचे, आणि ते गुण प्रयोगशाळेतील मापांशी ताडून पाहायचे. 1994 मध्ये शॉन ऑलिव्ह याच्यासह त्याने 40 श्रोत्यांपुढे चार स्पीकर मांडले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघडे. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठे, महागडे स्पीकर वर गेले, छोटा व स्वस्त संच खाली आला. लष्कर मोहल्ल्याच्याच गावात 1935 मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी राहत्या घरातून 'आकाशवाणी' नावाचे खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले होते. ऐकणे ही कानाइतकीच मनाचीही क्रिया आहे, या निष्कर्षाचे त्यांच्या विषयाला नवल वाटले नसते.

खोलीचे गणित त्याहून जुने आहे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. 1895 पासून वॉलेस सॅबाइन रात्री-रात्री तेथे गाद्या नेऊन ठेवू लागला आणि त्याने निनादाचे सूत्र शोधले. ते सूत्र वर सांगितलेल्या खोलीला लावता येते. फरशी, भिंती व छत मिळून 66 चौरस मीटर पृष्ठभाग, आणि तो सारा उघडा व कठीण असेल तर निनाद सुमारे 3 सेकंदांचा. गादी, सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांनी शोषण सहापट वाढले तर तो अर्ध्या सेकंदावर येतो. इतका बदल कोणताही शिक्का घडवू शकत नाही. खोल स्वरांवर मात्र सतरंजीची मात्रा चालत नाही. 4 मीटर लांबीत 43 हर्ट्झच्या आसपासचा स्वर कोपऱ्यात गरजतो आणि मध्यावर लुप्त होतो. तेथे बैठक किंवा सबवूफर हातभर सरकवावा लागतो.

टूलच्या संशोधनातून निघालेले 'सीटीए-2034' हे मानक स्पीकरभोवती दर दहा अंशांवर, आडव्या व उभ्या वर्तुळांत, मिळून 70 मापे घेते. समोरून येणारा आणि भिंतींवरून परतणारा असे दोन्ही ध्वनी त्यात दिसतात, आणि पडद्याआडच्या श्रोत्यांची पसंती त्यावरून बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. तो आलेख खोक्यावर क्वचितच छापतात. उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात किंवा स्वतंत्र परीक्षकांच्या मापनांत तो शोधावा लागतो.