जांभळ्या शेतांचे वय

१/ दरवर्षी १५ ऑगस्टला दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील 'सो' या डोंगराळ गावी लव्हेंडरचा उत्सव भरतो. सकाळी उत्सव, दुपारी पायथ्याच्या एखाद्या वायनरीत द्राक्षमळ्याची फेरी, अशी एका दिवसाची सहल पर्यटक करतात. रोमन काळापासून हे सारे असेच असावे, असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात हे दृश्य जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे आणि त्याच्या मुळाशी आपत्ती आहे. (थ्रेड)

२/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील शेतकऱ्याचा संसार तीन आधारांवर उभा होता : रेशीम, कापडाला लाल रंग देणारी मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पती आणि द्राक्ष. अवघ्या काही दशकांत हे तिन्ही आधार खचले.

३/ प्रथम रेशीमकिड्यांवर 'पेब्रिन' हा रोग पसरला. त्यावर उपाय शोधण्यासाठी १८६५ मध्ये लुई पाश्चर यांना पाचारण करावे लागले. पुढे १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. कारखान्यातील स्वस्त रंगापुढे शेतातील मुळांना गिऱ्हाईक उरले नाही.

४/ त्याच वर्षी, म्हणजे जुलै १८६८ मध्ये, वाळत चाललेल्या वेली तपासणाऱ्या समितीला सँ-रेमी गावाजवळ मुळांवर सूक्ष्म पिवळे कीटक आढळले. समितीत वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ होते. अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आलेली ही कीड म्हणजे फायलोक्सेरा. १८७५ मध्ये फ्रान्समधील वाइनचे उत्पादन सुमारे ८४५ कोटी लिटर होते; १८८९ मध्ये ते २३४ कोटींवर आले. या घसरणीचे मुख्य कारण हीच कीड होती.

५/ उपायही अमेरिकेतूनच आला. तेथील रानद्राक्षांची मुळे या किडीला दाद देत नव्हती. बराच काळ विरोध झाल्यानंतर फ्रेंच वेलींची कलमे अमेरिकी खुंटांवर बांधली गेली. आजही नाशिक-सांगलीच्या बागांत द्राक्षाचे कलम मूळच्या टेक्सासमधील 'डॉगरिज' खुंटावर बांधतात. येथे मात्र कारण क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई हे आहे.

६/ डोंगरावरील गावांना हा पर्याय नव्हता. माणसे शहरांकडे गेली, शेते पडीक झाली आणि त्या पडीक जमिनीवर रानटी लव्हेंडर पसरले. जाँ जिओनो यांच्या 'झाडे लावणारा माणूस' या कथेच्या आरंभी १९१३ मधला असाच प्रदेश दिसतो : ओसाड गाव आणि सभोवती केवळ रानटी लव्हेंडर.

७/ याच सुमारास ग्रास शहरातील अत्तर कारखान्यांची मागणी वाढली. मेंढपाळ, स्त्रिया आणि मुले विळ्याने फुले कापून आणीत, भट्टीवर त्यांचे तेल काढले जाई. रानातील फुले पुरेनाशी झाल्यावर विसाव्या शतकात रांगांत लागवड सुरू झाली. छायाचित्रांतल्या त्या सरळ जांभळ्या ओळी तेव्हाच्या.

८/ आजची बहुतांश शेतेही मूळ लव्हेंडरची नाहीत. ती 'लव्हांडिन' या संकराची आहेत. त्यापासून तेल कितीतरी अधिक मिळते. साबण व डिटर्जंटसाठी तेच वापरतात. हा संकर वांझ असल्याने त्याची लागवड फाट्यांपासून होते. एका शेतातील सारी झाडे एकसारखी, म्हणून रोग आला की सगळ्यांनाच धोका. 'आब्रियाल' या वाणाची शेते अशीच मरू लागली, तेव्हा त्याची जागा 'ग्रोसो'ने घेतली. उंचावरील मूळ लव्हेंडरच्या तेलाला १९८१ मध्ये स्वतंत्र नामसंरक्षण मिळाले.

९/ सोच्या उत्सवात आजही विळ्याने लव्हेंडर कापण्याची स्पर्धा होते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण एके काळी याच कापणीवर घरे चालत. या साऱ्याला 'प्राचीन परंपरा' म्हटले की गाव सोडून गेलेली माणसे, बुडालेले रंगशेतकरी आणि उन्हात वाकलेल्या त्या स्त्रिया इतिहासातून गळून पडतात. म्हणून कोणत्याही रम्य शेतासमोर इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न जरूर विचारावा : यापूर्वी येथे काय पिकत होते, आणि ते का थांबले?