सोलापूरचे डॉक्टर आणि चीनची सुई

भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन वसईहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आपल्या बायकांचे खांदे, गुडघे दुखतातच. म्हणून गटाच्या बैठकीत प्रश्न आला, सुया टोचून दुखणं थांबतं का?

१९३८ साली, चीन-जपान युद्धातल्या जखमींसाठी भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, बंगालचे बिजयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ही विद्या भारतात आणली.

जुने चिनी वैद्य सांगत, शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. वाट अडली की दुखणं. आपण प्राण म्हणतो, तसंच काहीसं. त्या वाटा शरीरात कुणाला सापडलेल्या नाहीत. तरी जुनाट पाठदुखी, गुडघेदुखीत काहींना आराम पडतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तेव्हा जायचंच तर उपचार करणाऱ्याची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. सुईचं पाकीट आपल्यासमोरच फोडायला सांगा. आणि बीपी-शुगरची गोळी मनाने बंद करू नका. विचारायला लाजायचं कशाला? अंग आपलं आहे.