जुन्या पिकअपच्या पुढच्या भागातील खडखडाट : कारण शोधावे कसे?

वाशीम : शेतमाल, दूध, भाजीपाला, खते-बियाणे आणि बांधकामाचे साहित्य यांची गावोगावची ने-आण आज मोठ्या प्रमाणावर डिझेल पिकअपवर अवलंबून आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत हेच चित्र दिसते. नवी गाडी आवाक्याबाहेर असल्याने अनेक जण जुनी पिकअप घेऊन व्यवसायाला सुरुवात करतात. गाडी घरी आल्यानंतर काही दिवसांतच खड्ड्यातून जाताना पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येऊ लागतो. मग शॉकअप बदलले जातात, नंतर बुश, त्यानंतर एखादा जॉइंट. खर्च वाढत जातो, आवाज मात्र कायम राहतो.

याचे कारण साधे आहे. आवाज कुठून येतो हे ठरविण्याआधीच सुटे भाग बदलले जातात. पिकअपच्या पुढच्या भागात असा आवाज करू शकणाऱ्या जागा डझनभर आहेत. त्यांतील बहुतेक केवळ त्रासदायक असल्या तरी तीन-चार जिवावर बेतणाऱ्या आहेत. त्यामुळे आवाज ‘कसा’ आहे यापेक्षा तो ‘केव्हा’ येतो हे आधी पाहणे, आणि पैसे कोणत्या भागावर खर्च करायचे हे त्यानंतर ठरविणे, हाच योग्य क्रम ठरतो.

रचना कोणती, हे आधी पाहावे

पिकअपच्या पुढच्या भागाच्या मुख्यतः दोन रचना आढळतात. पहिल्या रचनेत दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक अॅक्सल असतो आणि तो पाट्यांवर बसविलेला असतो. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाडीत अशी रचना आहे. दुसऱ्या रचनेत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. तेथे वरचा व खालचा आर्म, बॉल जॉइंट आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. एकाच नावाच्या गाडीत मॉडेल आणि वर्षानुसार ही रचना बदललेली असू शकते. म्हणून नावावर न जाता चाकामागे टॉर्च मारून प्रत्यक्ष पाहावे. कडक अॅक्सलच्या गाडीत किंगपिन, शॅकल आणि यू-बोल्ट, तर स्वतंत्र चाकांच्या गाडीत बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश यांच्याकडे प्रथम संशयाने पाहावे लागते.

सुरुवात सुट्या सामानापासून

लोखंडी चेसिस आवाज दूरवर वाहून नेते. त्यामुळे चालकाला पुढून वाटणारा आवाज प्रत्यक्षात फाळक्याच्या कडीचा, हौदाच्या सैल बोल्टचा किंवा सीटखाली ठेवलेल्या जॅक आणि टॉमीचा असू शकतो. प्रथम केबिन रिकामी करावी. फाळका दोरीने घट्ट आवळावा, स्टेपनी हलवून पाहावी, बॉनेटचे कुलूप आणि बॅटरीची पट्टी तपासावी. केबिन चेसिसवर ज्या रबरांवर बसते तीही दाबून पाहावीत. या कामाला अर्धा तास पुरतो आणि खर्च काहीच येत नाही.

आवाज केव्हा येतो?

यानंतर सोबत एका जाणत्या माणसाला घेऊन गाडी ओळखीच्या खराब रस्त्यावर सावकाश चालवावी. काचा खाली असाव्यात. आवाजाची वेळ पुढीलप्रमाणे नोंदविल्यास शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते.

गाडी उभी असताना, इंजिन चालू केल्यावर किंवा बंद करताना आवाज येत असेल, तर त्याचा चाकांशी संबंध नाही. इंजिन फाउंडेशनचे रबर बसलेले असणे, सायलेन्सरचा पाइप चेसिसला लागणे किंवा एखादी पट्टी सैल असणे, ही त्यामागची कारणे असतात. मंद गतीवर डिझेल इंजिनाची थरथर अधिक असल्याने असे दोष तेव्हाच उघड होतात.

लहान लहान खड्ड्यांवर सावकाश जाताना कटकट असा आवाज येत असेल, तर शॉकअपचे बुश, शॅकलचे बुश, स्टॅबिलायझर बारची लिंक किंवा सैल ब्रेक पॅड यांचा विचार करावा. त्याच रस्त्यावर ब्रेक पेडल हलकेच दाबावे. आवाज लगेच थांबला तर पॅड किंवा कॅलिपर सैल असण्याची शक्यता मोठी असते. स्टॅबिलायझर बार असलेल्या गाडीत आणखी एक पडताळणी करता येते. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढविली तर हा बार फारसा पिळला जात नाही. एकच चाक खड्ड्यात गेले तर तो पिळला जातो. त्यामुळे केवळ एका चाकाच्या हालचालीने होणारा आवाज लिंककडे बोट दाखवितो.

ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना एकच ‘ठक्’ असा आवाज येणे म्हणजे एखादा भाग पुढे-मागे सरकत असल्याचे लक्षण होय. सैल यू-बोल्ट, पाट्याच्या डोळ्यातील झिजलेला बुश, आर्मचा फाटलेला बुश किंवा कॅलिपरचे ढिले बोल्ट यांची तेथे तपासणी करावी.

स्टिअरिंग वळविताना येणारा आवाज बॉल जॉइंट, किंगपिन, टायरॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टकडे नेतो. चाकाच्या फेऱ्यागणिक तालात येणारा आणि वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल, तर गाडी तेथेच थांबवून चाकाचे नट पाहावेत. नट घट्ट असतील तर बेअरिंगची तपासणी करावी.

हाताने होणारी तपासणी

पहिली तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक टायरॉड एंड, ड्रॅग लिंक आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जोडावर हात ठेवावा. झिजलेल्या जोडात दोन भाग एकमेकांपासून वेगळे हलताना बोटांना स्पष्ट जाणवतात.

यानंतर चाक उचलून ते वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, आणि ब्रेक दाबूनही तो राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा समजावा. चाक डावीकडून-उजवीकडे हलविल्यावर जाणवणारा खेळ बहुधा टायरॉड एंडचा असतो.

येथे जॅक कोठे लावला आहे याला फार महत्त्व आहे. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसलेल्या गाडीत जॅक चेसिसला लावला, तर स्प्रिंगच्या ताणाने खालचा बॉल जॉइंट घट्ट राहतो आणि झिजलेला असूनही चांगला भासतो. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, तर कडक अॅक्सलच्या गाडीत अॅक्सलखाली लावावा. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाची उटी लावावी आणि उचललेल्या गाडीला स्टँडचा आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे धोक्याचे आहे.

पाटे असलेल्या गाडीत तुटलेला पाटा, सुटलेली क्लिप आणि कोरडी शॅकल पिन शोधावी. नटाभोवती गंजाचे ओघळ किंवा पत्त्यावर घासून आलेली ताजी चमक दिसली, तर तो भाग हलतो आहे असे समजावे. पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर अॅक्सल एका बाजूने सरकतो. चेसिसवरील ठरावीक बिंदूपासून अॅक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजल्यास हा फरक लक्षात येतो.

कोणता दोष थांबू शकत नाही?

शॉकअप किंवा स्टॅबिलायझरचा आवाज काही दिवस सहन करता येतो. टायरॉड एंड आणि बॉल जॉइंट यांचे मात्र तसे नाही. टायरॉड एंड निखळला तर एका चाकावरील ताबा जातो. बॉल जॉइंट निखळला तर चाकच आडवे होऊन गाडी त्या बाजूला बसू शकते. सैल यू-बोल्ट, ढिले चाकाचे नट आणि खेळ आलेले बेअरिंग याच वर्गात मोडतात. यांपैकी काहीही आढळल्यास माल भरून एक फेरीही करू नये.

जिल्ह्यातील परिस्थितीत ही काळजी अधिकच गरजेची ठरते. पावसाळ्यात पांदण रस्त्यांवरील काळ्या मातीचा चिखल जॉइंटच्या रबरी टोपणाभोवती बसतो. टोपण फाटलेले असेल तर पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि जॉइंटची झीज झपाट्याने होते. सोयाबीन निघण्याच्या वेळी हीच गाडी क्षमतेएवढ्या किंवा त्याहून अधिक ओझ्याने बाजार समितीकडे निघते. मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण मार्ग झाला. अशा गुळगुळीत रस्त्यावर झिजलेला जॉइंट आवाजच करीत नाही. आवाज बंद झाला म्हणून दोष गेला असे समजणाऱ्या चालकाला धोक्याची सूचना मिळते ती भर वेगात.

दुरुस्ती करताना

एका बाजूचा शॉकअप किंवा बुश बदलल्यास दुसऱ्या बाजूचाही तपासून शक्यतो जोडीने बदलावा. रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी जमिनीवर उतरवून वजन चाकांवर आल्यावरच ते आवळावेत. अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. टायरॉड एंडच्या नटात जुनी स्प्लिट पिन पुन्हा न वापरता नवी टाकावी. यू-बोल्ट बदलल्यास काही दिवस माल वाहिल्यानंतर त्याचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. स्टिअरिंगचा कोणताही जोड बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करणे टाळू नये, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजू लागतात. बदललेला जुना भाग मेकॅनिककडून मागून घेऊन त्यात खरोखर खेळ होता का, हे स्वतः पाहावे.

खरेदीआधीच घ्यावयाची दक्षता

ही सर्व तपासणी व्यवहारापूर्वी झाली तर उत्तम. चाचणी डांबरी रस्त्यावरच न घेता गाडी रिकामी असताना खराब रस्त्यावर घ्यावी. भरलेल्या गाडीत सैल क्लिप आणि शॅकलचे आवाज दबतात. पुढच्या टायरची एकच कड झिजलेली असेल किंवा सर्व जोडांवर नुकतेच भरपूर ग्रीस लावलेले दिसले, तर तपासणी अधिक बारकाईने करावी. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. मात्र हे प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीची स्थिती सांगते, पुढच्या हंगामाची हमी देत नाही. विश्वासू मेकॅनिकला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन गाडी दाखविणे हा खर्च वाटत असला, तरी एक चुकीचा सुटा भाग विकत घेण्यापेक्षा तो बहुधा कमीच पडतो.