यार्देन कोणाच्या नकाशावर?

इतिहास लिहिताना आपण राजांच्या स्वाऱ्या मोजतो, गाणाऱ्यांच्या पायपिटी मोजत नाही. अमेरिकेतील मुक्त गुलामांच्या लेकरांनी केलेली एक पायपीट मात्र नीट तपासली पाहिजे. गाणे, शिक्षण आणि धर्मग्रंथातील भूमी या तिन्हींचा प्रश्न तिच्यात एकमेकांत गुंतलेला आहे आणि तो प्रश्न आपल्याला परका नाही.

गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये. पुढच्याच महिन्यात टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, लष्कराच्या जुन्या बराकींत, फिस्क शाळा सुरू झाली. पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. तेव्हा तिचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी गाऊन पैसे जमवायला बाहेर पडले. त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतच झालेला होता. टाळ्या मिळत होत्या, पण त्याच गावांतली हॉटेले खोली नाकारत होती. याच दौऱ्यात त्यांनी ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले. ते लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या योबेल वर्षावरून आले. पन्नासाव्या वर्षी दास मोकळा व्हावा आणि ज्याची जमीन त्याला परत मिळावी, असा तो नियम. दास मोकळे झाले होते. जमीन कुठे होती? जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी आदेशाने देऊ केलेले चाळीस एकर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काढून घेतले. योबेलाची अर्धी ओळ खरी झाली, अर्धी गाण्यातच राहिली.

या मुलांना सुरुवातीला आपल्या आईबापांची गाणी लोकांपुढे गायची नव्हती. गटाची पियानोवादक एला शेपर्ड हिने पुढे लिहून ठेवले आहे की ती गाणी गुलामीच्या काळोखाशी जोडलेली होती आणि त्याच वेळी वडीलधाऱ्यांसाठी पवित्रही होती. शिकलेल्या पहिल्या पिढीची ही अवघडलेली अवस्था आमच्यासारख्यांना समजावून सांगावी लागत नाही. पदवीचा कागद हातात आला, की जात्यावरच्या ओव्या ओठांवर आणताना जीभ अडखळते. फिस्कच्या मुलांनी ती अडखळ ओलांडली. गोऱ्यांच्या पसंतीची गाणी मागे ठेवून मळ्यातली गाणी पुढे आणली, तेव्हा सभागृहे ऐकू लागली.

काय होते त्या गाण्यांत? मिसर, फारो, मोशे, यार्देन, कनान. वरवर पाहता हा सगळा बायबलचा भूगोल. पण गाणाऱ्याच्या मनात दुसराच नकाशा होता. मिसर म्हणजे दक्षिणेतले कापसाचे मळे आणि फारो म्हणजे मालक. यार्देन म्हणजे ओहायो नदी, कारण तिच्या पलीकडे गुलामगिरी नसलेली राज्ये सुरू होत. कनान म्हणजे उत्तर; आणि १८५० च्या कायद्याने उत्तरेतही पळालेल्या गुलामाला पकडता येऊ लागल्यावर कॅनडा. हा नंतरच्या पंडितांचा तर्क नव्हे. स्वतः पळून स्वतंत्र झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ सालच्या आत्मचरित्रात सांगितले आहे, की कनानचे गाणे गाताना त्यांच्या मनात उत्तरच होती. मालकाने आज्ञाधारकपणा शिकवायला जो ग्रंथ वापरला, त्याच ग्रंथातून गुलामाने पळवाट काढली.

१८७३ मध्ये हे गायक इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो दास्य संपवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. दौऱ्यांच्या पैशातून नॅशव्हिलला उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत १८७६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांनी स्वतःचा गट घेऊन १८८४ ते १८९० अशी सहा वर्षे जगभर फेरी केली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड करत ते हिंदुस्थानात आले आणि आग्ऱ्याला ताजमहालात गायले. बादशहाच्या कबरीवर गुलामांच्या लेकरांचा सूर घुमला, ही घटना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीलाही पात्र ठरलेली नाही.

गाण्यातली भूमी प्रत्यक्ष पाहण्याचा योग पुढच्या पिढ्यांना आला. महालिया जॅक्सन ही गुलामांची नात. शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत तिने घर घेतले, तेव्हा तिच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९६१ मध्ये युरोपचा दौरा करून ती पवित्र भूमीत गेली आणि कालवरीवर गुडघे टेकून तिने प्रार्थना केली. दोनच वर्षांनी वॉशिंग्टनच्या मोर्चात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापूर्वी, ती गायली. तिची यात्रा तिला लढ्यापासून दूर घेऊन गेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पण सगळ्याच यात्रांचे असे होत नाही. आज चर्चची गायकवृंदे दौऱ्याच्या कार्यक्रमातच यार्देन, बेथलेहेम, यरुशलेम बसवतात. ज्या नदीला गाण्यांनी अथांग केले, ती प्रत्यक्षात अरुंद आणि गढूळ आहे. पाणी वळवल्यामुळे तिचा बहुतेक प्रवाह आटला आहे. पश्चिम काठावरचा बाप्तिस्म्याचा घाट १९६७ च्या युद्धानंतर लष्करी क्षेत्रात गेला, आसपास सुरुंग पेरले गेले आणि २०११ मध्ये तो भाविकांना नियमित खुला झाला. बेथलेहेमला जाताना काँक्रीटची उंच भिंत आणि तपासणी नाका लागतो. मोशेचे गाणे ओठांवर घेऊन त्या नाक्यावरून बस पुढे जाते, जिथे २०२३ पर्यंत पॅलेस्टिनी मजूर पहाटेपासून रांगेत उभा असे. अशा वेळी गाणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे : इथे फारो कोण?

हा प्रश्न टाळला, तर तीर्थ हे केवळ सहलीचे ठिकाण उरते. मळ्यातल्या गुलामाने यार्देन कधी पाहिली नव्हती, तरी तिचा अर्थ त्याला अचूक कळला होता. ज्याला ती पाहायला मिळते, त्याला तो अर्थ आपोआप कळतोच असे नाही. दगडांना आणि पाण्याला पावित्र्य देतो तो मुक्तीचा व्यवहार. चवदार तळ्याचे पाणी इतर तळ्यांसारखेच आहे. त्याला अर्थ दिला तो १९२७ साली तिथे गेलेल्या माणसांनी.

फिस्कमधूनच १८८८ साली पदवी घेतलेल्या डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात या गाण्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याच द्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. एका पीडित समाजाने दुसऱ्याकडे कसे पाहावे, याचा हा धडा आहे. पुढच्याचे दुःख ऐकावे, त्याचा कागद वाचावा आणि आपल्या लढ्याला तो कुठे लागू पडतो ते शोधावे. आपणही आता आपली तीर्थे उभारली आहेत, आपली गाणी रस्त्यावर आणि व्यासपीठावर आली आहेत. ती गाताना समोर आजचा गुलाम दिसतो की नाही, यावरच त्या तीर्थांचे मोल ठरणार आहे.